लाल रेघ आन् ढवळलेलं रगत

शिरूर आन् दौंड ह्या दोन तालुक्यांतल्या निम्म्या माणसांचं रगत म्या माझ्या हातानं वाहून न्हेलंय. त्यातलं किती वाटंतच नासवलं, त्ये मात्र मोजलेलं न्हाई.

दिवाळी अंकवाले घरी आले आन् म्हणले, "बबनराव, तुमच्या कामाचं काहीतरी लिहा." म्या म्हणलं, लिवता आलं आसतं तर हे काम कशाला केलं आसतं? चौथीत मी दोन वर्सं बसलो. तिसऱ्या वर्साला मास्तर म्हणले, "बबन, बाक झिजला, तू न्हाई झिजलास. आता म्हशीमागं जा." मास्तरांचं म्या ऐकलं. साळंत ऐकलेली तेवढी एकच गोष्ट. तवा हे मी सांगतोय आन् आमच्या नात्यातली एक जण लिवून घेतीय. मधी मधी ती लिवायची थांबती आन् माझ्याकडं बघती. त्या जागी म्या थाप मारली आसं समजा.

आधी मी दुधाचं काम करायचो. वस्त्यावस्त्यांवरनं दूध गोळा करायचं, मोटरसायकलच्या दोन अंगाला दोन कॅन, आन् डेअरीवर घालायचं. पंधरा वर्सं. आता ज्यांनी फकस्त पिशवीतलं दूध बघितलंय त्यांना सांगतो. दूध एका जागी ऱ्हायलं की साय वर येती. वरचं दूध तपासलं तर फॅट जास्ती लागतं, खालचं तपासलं तर कमी. म्हणून कॅन आधी चांगला ढवळायचा आन् मग नमुना द्यायचा. न ढवळता दिलं म्हंजी एक तर तुम्ही डेअरीला फसवताय, न्हाईतर डेअरी तुम्हाला. 'बबनचा कॅन ढवळलेला आसतो' आसं माझं नाव व्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात ती जरा जास्तीच ऱ्हायली.

पुढं डेअरीचा टँकर वस्तीवर यायला लागला आन् माझे कॅन भिंतीला लागले. त्याच वक्ताला दौंडात एका डॉक्टरीण बाईंनी रगत-लघवी तपासायची लॅब काढली व्हती. आम्ही समदे त्यांना मॅडम म्हणायचो. शिरूरकडच्या दवाखान्यांतलं रगत दौंडला आणायला त्यांना गाडीवाला माणूस पायजे व्हता. मी गेलो. मॅडम म्हणल्या, "अनुभव किती?" म्या म्हणलं, "पंधरा वर्सं. एक थेंब सांडला न्हाई." त्यांना वाटलं, रगताचा अनुभव. मला वाटलं, बाईंना दुधाचं कळतंय. आसा मी लागलो.

काम सोपं. सकाळी शिरूरचे दवाखाने, मग न्हावरं, मग वाटंतली दोन-तीन गावं, आन् दुपारच्या आत दौंड. डॉक्टरलोक रगत काढून ठिवायचे, मी डब्यात घालून न्ह्यायचो. रगत ज्या नळीत आसतं तिला आमच्यात बल्ब म्हणत्यात. पेटत बिटत न्हाई. लाल टोपणाचा बल्ब साधा. त्यात रगत गोठून खाली बसतं आन् वर पिवळं पाणी येतं. लिव्हरची खबर त्या पाण्यात. जांभळ्या टोपणाच्या बल्बात रगत गोठू नये म्हणून औषध आसतं, तो भरला की हलक्या हातानं उलटा-सुलटा करायचा. मॅडमनी पयल्याच दिशी करून दावलं. "हे असं, हळूच. आणि फक्त जांभळा." म्या मान हलवली. मान हलवायला शिक्शान लागत न्हाई.

शिरूरला एका दवाखान्यात गरगर फिरवायचं मशीन व्हतं. लाल टोपणाचं रगत समद्या वाटंवरची माणसं तिथंच द्यायची, आन् त्ये फिरवून वरचं पिवळं पाणी दुसऱ्या नळीत काढून मिळायचं. आसं पाणी कितीबी हललं तरी त्याला काय व्हत न्हाई. म्हणून माझं पाप लई दिवस झाकून ऱ्हायलं.

सांजच्याला मी रिपोर्ट घिऊन परत यायचो. रिपोर्टात इंग्रजी आसायचं, त्याचं आन् माझं बोलणं नव्हतं. पण आकडे कळायचे, आन् ज्यो आकडा जागचा हाललाय त्याच्याखाली लॅबवाले लाल पेनानं रेघ मारायचे. मी काय करायचो, पाकीट उघडून रेघा बघायचो. एक रेघ म्हंजी जपा. दोन म्हंजी पुण्याला न्ह्या. तीन म्हंजी नातेवाईकांना कळवा. हे माझं शास्त्र. आन् हे शास्त्र मी फुकाट वाटत सुटलो.

न्हावऱ्याच्या एका किराणावाल्याला नवरात्रात म्या सांगितलं, "शेट, कावीळ हाय तुमाला, लाल रेघ आलीय." त्यांनी तवापतूर सात दिस पाण्यावर आन् एका केळावर काढले व्हते. घरच्यांनी त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडं न्हेलं, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, गळ्यात माळ घातली. एवढं झाल्यावर कुणीतरी त्यांना दौंडला आणलं. मॅडमनी रिपोर्ट बघितला आन् इचारलं, "जेवलात कधी?" म्हणले, "उपास हाय." मॅडम म्हणल्या, "काही माणसांचं लिव्हर चांगलं असतं, पण उपास केला की पिवळं रंगद्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, थोडं वर जातं. बाकी सगळे आकडे जागेवर आहेत. उद्या दसरा आहे ना? पोटभर जेवा आणि पुढच्या आठवड्यात परत या." पुढच्या आठवड्याला रेघ गेली. माळ त्यांनी मला दिली. म्हणले, तूच घाल.

दुसरी एक तेरा वर्सांची पोरगी. तिच्या आईला म्या वाटंत गाठून सांगितलं, लई मोठा आकडा हाय. ती माउली रडत रडत पोरीला घिऊन दौंडला. मॅडमनी पोरीला उभी केली आन् आईला म्हणल्या, "हिचा परकर कधी शिवला?" "दिवाळीला." "आणि आता घोट्याच्या किती वर आलाय बघा. हाडं वाढताना हा आकडा वर जातोच. तुम्हाला लिव्हरचं औषध नको, शिंपी हवाय." मग माझ्याकडं वळल्या. "बबनराव, तुम्ही रिपोर्ट वाचता?"

म्या म्हणलं, "न्हाई मॅडम, नुसतं बघतो."

"मग नुसते बघा. बोलू नका."

तवाच तोंडाला टाका घातला आसता तर पुढचं काय झालं नसतं. पण मग ह्या अंकात सांगायला बी काय नसतं.

आता मुद्द्यावर येतो. न्हावऱ्याच्या पुढं घोड नदीच्या अंगाला आबांचं रान व्हतं. आबांचे वडील मेंढरं घिऊन कोकणापतूर जायचे. आबांनी मेंढरं इकली, हीर खणली आन् झेंडू लावला. आम्ही बी मेंढरंवाल्यांतलेच, फकस्त आमच्या बापानं मेंढरं इकून म्हशी घेतल्या. आबांची धाकली लेक सुमन, बारावी झालेली. आन् माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हंजी आक्काचा, पोरगा सोपान शिक्रापूरला एका कारखान्यात फिटर. ही सोयरीक म्या काढली व्हती. बघायचा कार्यक्रम झाला. पोरीला पोरगा पसंत, पोराला पोरगी पसंत. आडलं व्हतं एकाच जागी.

आबा म्हणले, "पाव्हणं, पोरगं चांगलं हाय. पण शिक्रापूरला खोलीवर ऱ्हातंय. हायवेच्या दोन्ही अंगाला काय काय आसतं त्ये मला ठावं हाय."

"आबा, त्यो पीत न्हाई."

"थोरलीचा नवरा बी पीत न्हाई म्हणूनच सांगितलं व्हतं. त्याला म्या दोन बारी पाठीवर घालून दवाखान्यात न्हेला. डोळं हळदीसारखं, पोट हे एवढं. तिसऱ्या बारीला न्ह्यायला माणूस ऱ्हायला न्हाई."

थोरली लेक दोन लेकरं घिऊन माघारी आलेली. ती तिथंच वसरीत झेंडू निवडत बसली व्हती. तिनं मान वर केली न्हाई.

अशा जागी शहाण्या माणसानं गप बसावं. मी चहाचा कप हलवला. माझी सवय हाय, तळाला साखर ऱ्हाऊ नये म्हणून शेवटचा घोट हलवून घ्यायचा. आन् म्हणलो, "आबा, मी कुठं काम करतो? लॅबमंदी. रगत खोटं बोलत न्हाई. माणूस प्याला की लिव्हरच्या रिपोर्टात लाल रेघ येती. न्हाई प्याला की येत न्हाई."

आबांनी माझ्याकडं टक लावून बघितलं. "खरं सांगताय?"

"पंधरा वर्सांचा अनुभव हाय."

"मग पत्रिका ऱ्हाऊ द्या. पोराचा त्यो रिपोर्ट आणा. रेघ नसली तर सुपारी फोडू."

म्या सोपानला निरोप धाडला. त्याला गुरुवारी सुट्टी. गुरुवारी त्यो शिरूरला आला, दवाखान्यात हात पुढं केला. म्हणला, "मामा, म्या चहा बी पीत न्हाई, आन् तुम्ही माझी दारू तपासताय."

म्या म्हणलं, "तुझी न्हाई रं, माझी इज्जत तपासतोय."

तेवढं तरी खरं बोललो.

त्या दिशी शिरूरला लाईट नव्हती. लोडशेडिंग. त्यामुळं मशीन बंद आन् रगत फिरवलं न्हाई, तसाच बल्ब माझ्या हातात आला. डब्यात घातला आन् निघालो. दौंडात लॅबच्या दारात गाडी लावली, डबा उघडून बघतो तर काय? रगत खाली बसलेलं आन् वर पिवळं पाणी. मला वाटलं, साय वर आली. हे आसंच आत दिलं तर वरचं वरचं तपासतील आन् फॅट भलतंच लागंल. भाच्याच्या लग्नाचा मामला. म्या बल्ब मुठीत धरला आन् चांगला हलवला. वर-खाली, वर-खाली. पायरीवर बसून हलवला. एकजीव झाल्याबिगर दिला न्हाई. बाकीचे बल्ब बी हलवायचो, पण हा जरा मायेनं.

मॅडम त्या दिशी पुण्याला गेल्या व्हत्या. लॅबमंदी मशीनवर बसणारा टेक्निशियन व्हता, त्यानं तपासलं. सांजच्याला पाकीट हातात आलं. म्या बाहीर येऊन उघडलं. लाल रेघ. एसजीओटी ह्या आकड्याखाली ठसठशीत. आन् त्याच्याखाली इंग्रजीत हातानं एक वळ लिवलेली.

पाकीट लपवावं आसं मनात आलं. पण आबांनी सांगितलं व्हतं, संध्याकाळी वाट बघतो. गेलो. आबा झेंडूच्या ढिगाशेजारी बाजंवर बसलेले. त्यांनी कागद घेतला, आडवा केला, उभा केला, आन् रेघंवर बोट ठिवलं.

"ही का?"

"व्हय."

"आन् हे खाली काय लिवलंय?"

आता बघा. समोर बारावी झालेली पोरगी उभी, थोरली उभी, आबा बसलेले, आन् मी लॅबमंदला माणूस. मला वाचता येत न्हाई आसं कसं सांगायचं? म्या म्हणलं, "ती... मॅडमची सही हाय."

आबांनी कागदाची घडी केली आन् बंडीच्या खिशात घातली. "पाव्हणं, वाईट वाटून घिऊ नका. तुम्ही खरं बोललात. दुसरा आसता तर त्यानं कागद लपवला आसता."

एवढ्या मोठ्या लबाडीवर आसली शाबासकी मला परत कवा मिळाली न्हाई.

पुढचे आठ दिस माझ्या घरात कुणी माझ्याशी बोलंना. आक्का आली ती चप्पल न काढता बोलली, "बबन्या, माझ्या पोराचं त्वांड मी दर सुट्टीला हुंगतीय. बिडीचा सुद्धा वास न्हाई. तुझ्या त्या बाटलीत काय व्हतं त्ये तू सांग." सोपाननं निरोप धाडला, मामाला म्हणावं आता माझ्यासाठी पोरगी बघू नको, वकील बघ. गावात मात्र माझ्या शास्त्राला भाव आला. लोक म्हणायचे, बबनच्या हातात रगत गेलं की लपत न्हाई. मी आपला खाली मान घालून गाडी चालवायचो.

नवव्या दिशी आबांच्या फाट्यावर एक पोरगी हात करून उभी. सुमन. हातात त्योच कागद.

"मामा, गाडी बंद करा."

म्या केली.

"आबांची बंडी धुवायला टाकली, तवा खिशात घावला. ही सही न्हाई. इथं लिवलंय सॅम्पल, मग एक शब्द हाय त्यो मला बी कळला न्हाई, आन् शेवटी रिपीट. रिपीट म्हंजी परत करा. म्हंजी तपासणी परत करायची व्हती." तिनं कागद माझ्या हातात दिला. "तुम्हाला इंग्रजी येत न्हाई ना, मामा?"

"मराठी बी जेमतेमच येतं, पोरी."

"मग त्या दिशी सांगायचं ना. मी तिथंच उभी व्हते."

म्या कागदाची घडी करून खिशात घातली. मग ती जरा खाली बघत म्हणली, "बघायला आले तवा बाकीच्यांनी इचारलं, सैपाक येतो का. त्यांनी इचारलं, झेंडूला पाणी कितव्या दिशी देता. असा माणूस मला परत घावायचा न्हाई. तुम्ही मॅडमला इचारून या. आजच."

मी त्या दिशी वाटंत कुठंच चहाला थांबलो न्हाई. ह्यावरनं काय ते समजा.

म्या सोयरीकीची समदी हकिगत सांगितली. मॅडमनी कागद वाचला. टेक्निशियनला हाक मारली. त्यो म्हणला, "मॅडम, पाणी पिवळं नव्हतंच, लालसर होतं. म्हणून मी खाली लिहिलं, रक्त फुटलेलं आहे, परत पाठवा. कोणी पाठवलंच नाही."

मॅडम म्हणल्या, "बबनराव, तुम्ही बल्ब आणता कसा? जरा करून दाखवा."

मला वाटलं, आपली बाजू मांडायची येळ आली. म्या टेबलावरचा रिकामा बल्ब घेतला आन् मन लावून दावलं. वर-खाली, वर-खाली. म्हणलं, "मॅडम, म्या कवाच न ढवळता माल दिला न्हाई. डेअरीत इचारा."

टेक्निशियन उठून बाहीर गेला. भिंतीपल्याडनं त्याचा हसायचा आवाज येत व्हता. मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी कपाळाला हात लावला आन् मला स्टुलावर बसवलं. आन् मग जे सांगितलं त्ये मी आजवर शंभर माणसांना सांगितलंय, तवा तुमाला बी सांगतो.

"लिव्हरच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातला माल रक्तात सांडतो. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे तो माल. पण ओटी नुसतं लिव्हरात नसतं. स्नायूत असतं, हृदयात असतं, रक्ताच्या तांबड्या पेशीतही असतं. तुम्ही गोठलेलं रक्त घुसळलंत, तांबड्या पेशी फुटल्या, त्यांच्यातलं ओटी पाण्यात उतरलं. आता मशीनला काय कळणार, हे लिव्हरातनं आलंय की तुमच्या मुठीतनं?"

"म्हंजी पोरगं पीत न्हाई?"

"ते मला माहीत नाही. मी एवढंच सांगते, पीटी जागेवर आहे, बिलिरुबिन जागेवर आहे, बाकीचंही ठीक. एकटं ओटी वर आणि पाणी लाल, म्हणजे लिव्हरवर संशय घ्यायच्या आधी बल्बवर घ्यायचा."

"आन् बल्ब आणणाऱ्यावर," टेक्निशियन दारातनं म्हणला.

म्या घाबरत इचारलं, "मॅडम, काढून टाकताय का?"

"काढलं तर तुम्ही परत दुधाकडं जाल, आणि दुधाचं काय कराल कोण जाणे. त्या पाव्हण्यांना आणि भाच्याला माझ्याकडं घेऊन या."

आबांना सांगायला गेलो. सगळं सांगितलं. सही नव्हती, वाचता येत न्हाई, बल्ब हलवला, सगळं. आबांनी कागद मागून घेतला. माझी आयुष्यातली पयली खरी कबुली, आन् समोरचा माणूस रेघ बघत बसला.

मग म्हणले, "रगत परत काढा. पर माझ्या डोळ्यांसमोर. आन् मधी पडलेल्या माणसाचं बी काढा."

"माझं कशाला आबा? म्या तर माळ न घालता माळकरी."

"म्हणूनच. तुम्ही थेंब घेत न्हाई हे आख्ख्या पंचक्रोशीला ठावं हाय. तुमचं कोरं आलं तर मशीन खरं."

गुरुवारी आम्ही तिघं दौंडला. मॅडमनी समोर बसवून सोपानचं काढलं, माझं काढलं. बल्ब स्टँडात उभे केले आन् मला म्हणल्या, "हात मागं बांधा." मी बांधले. आबा त्या बल्बांकडं आसे बघत व्हते, जसं काय आतनं कोण बोलणार हाय.

दोन तासांनी कागद आले. सोपानच्या कागदावर एक बी रेघ न्हाई. म्या त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात मॅडमनी माझा कागद पुढं केला. लाल रेघ. खाली दुसरी लाल रेघ. एसजीपीटी आन् जीजीटी, दोन्ही लिव्हरचेच आकडे. माझ्या शास्त्रापरमानं मला पुण्याला न्ह्यायची येळ आली व्हती.

म्या म्हणलं, "मॅडम, हे वाटंत हाललं आसंल."

"कुठली वाट? या खुर्चीपासून त्या टेबलापर्यंत?" मग त्यांनी इचारलं, "दिवसाला चहा किती?"

"जाताना सा, येताना सा. कोण आग्रह करतं त्यो धरला न्हाई."

"साखर?"

"चहात आसती तेवढी. वर जरा."

"आणि वडे, भजी?"

"मोकळ्या पोटी चहा घिऊ न्हाई म्हणत्यात."

मॅडम आबांकडं वळल्या. "यांच्या लिव्हरवर चरबी साठलीय, बहुतेक. सोनोग्राफीत नीट दिसेल. आता बघा, आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस आणि रेघा याच्या कागदावर. पिणाऱ्याच्याही कागदावर अशाच येऊ शकतात, आणि नुकतंच पिऊ लागलेल्याचा कागद कोराही येऊ शकतो. लिव्हर दुखावलंय एवढं रक्त सांगतं. कशानं, ते बाकीच्या तपासण्या बघून आणि माणसाला विचारून काढावं लागतं. सोपान पीत नाही असं या कागदावरून मी लिहून देणार नाही. कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं.

आन् आबा हसले. आधी नुसतं नाकातनं, मग डोळ्याला पाणी येईस्तोवर. थोरली माघारी आल्यापास्नं त्या माणसाला हसताना कुणी बघितलं नव्हतं, आसं मागनं सुमननं सांगितलं. मला म्हणले, "पाव्हणं, रगत खोटं बोलत न्हाई म्हणला व्हता. तुमचं रगत तुम्हालाच बेवडा ठरवाय निघालं."

पण आबा ते आबा. सुपारी त्यांनी तवा बी फोडली न्हाई. पुढच्या गुरुवारी कुणाला न सांगता येष्टी धरली आन् थेट शिक्रापूरला सोपानच्या खोलीवर गेले. सोपान नव्हता, त्यो भाजी आणाय गेलेला. खोलीत त्याच्याबरूबर ऱ्हाणारी बिहारकडची तीन पोरं. आबांनी आपल्या मोडक्या हिंदीत इचारलं, "सोपान पिता है क्या?"

पोरं म्हणली, "सोपान भैया? अंकल, वो तो चाय भी नहीं पीता. हम लोग मँगाते हैं तो लेक्चर देता है."

आबांनी मोरी बघितली, खाटंखाली बघितलं, खिडकीबाहीर वाकून मागची गटार सुद्धा बघितली, बाटल्या टाकत्यात का म्हणून. मग सोपान आला तवा त्याच्या पिशवीतली मेथी निवडत बसलेले. म्हणले, "जावईबापू, मेथी जून आणली. पुढच्या बारीला बघून घ्या."

सुपारी अशी फुटली.

लगीन झेंडूच्या हंगामानंतर झालं. मांडवात थोरली पोरांना घिऊन पुढं बसली व्हती. मामा म्हणून अंतरपाट म्या धरला. मागनं कुणीतरी म्हणलं, "बबनमामा, हलवू नका." सगळा मांडाव हसला. ब्राम्हण सुद्धा मंगलाष्टकातनं थांबला. तवापास्नं हे वाक्य माझ्या मागं लागलंय ते आजतागायत. गाडीला किक मारली तरी म्हणत्यात.

लॅबमंदी पुढं मी लई वर्सं काढली. बल्ब कवाच हलवला न्हाई, जांभळा सोडून, आन् त्यो बी तान्ह्या लेकरासारखा. पाकिटं चिकटवूनच घ्यायचो. कुणी वाटंत इचारलं, "बबनराव, काय आलंय वो?" तर म्हणायचो, "मला वाचता येत न्हाई." हे वाक्य म्हणायला मला चाळीस वर्सं लागली. म्हणून बघितलं तर लई सोपं हाय. त्या दिशी झेंडूच्या ढिगापाशी म्हणलो आसतो तर दोन घरांचं आठ दिसांचं रडणं वाचलं आसतं. हसायच्या गोष्टीत मला तेवढं एकच टोचतं.

माझ्या रेघांचं म्हणाल तर चहा कमी केला, भजी सोडली, सांजचं घोडच्या बांधापतूर चालत जातो. पयल्या वर्सात एक रेघ गेली, दुसऱ्या वर्सात दुसरी. अधनंमधनं एखादी पावणी येती, मॅडमना दावली की जाती.

आता हे लिवून घेणारी कोण, त्ये तुमी वळखलंच आसंल. सुमन. माझ्या भाच्याची बायको. लिवता लिवता तिनं तीन जागी मला थांबवलं. एक, पंधरा वर्सांत एक थेंब सांडला न्हाई म्हणलो तिथं. दोन, मेथी जून नव्हती म्हणती. तिसरं सांगत न्हाई. आता ती आत जाऊन चहा घिऊन आलीय. म्या म्हणलं, शेवट काहीतरी झोकात पायजे, माणसाच्या आयुष्यावर, रगतावर. असं म्हणत शेवटचा घोट घ्यायला कप हलवला.

ती लिवता लिवता वर न बघता म्हणली, "मामा, हलवू नका. खाली साखर न्हाई."